डावं-उजवं

एकाच सिनेमाच्या चार प्रती,
तळघरातल्या फळीवर पुस्तकांसारख्या उभ्या:
कॅसेट, ताटाएवढी लेझर डिस्क, डीव्हीडी,
आणि निळ्या डबीतली ती, शेवटी आलेली.
शनिवारी एमिल सोबोटा जिन्यावरून हाक मारायचा,
ये, आज डावं-उजवं करू.
त्याचा शब्द अर्थात दुसरा होता. हा माझा.
ॲक्रनमध्ये मी मराठी आणखी कुठे खर्चणार?

सिनेमा एकोणीसशे तीसचा. नुकतं बोलायला शिकलेला,
म्हणून गप्प न बसणारा.
माइक फुलदाणीत लपवलेला,
आणि सगळे नट एकमेकांना सोडून
त्या फुलदाणीच्या प्रेमात.

कॅसेटवर नायिकेचा झगा चहाचा,
लेझर डिस्कवर गाजराचा.
डीव्हीडीवाल्यांनी साफसफाई फार मनावर घेतलेली,
खरखर काढता काढता बुटांची टकटकही नेली.
बत्तीस पोरी मोज्यांवर नाचतात.
भांडं इतकं घासलं की कल्हईच गेली, मी म्हणाले,
आणि मग कल्हई म्हणजे काय ते सांगण्यात
अर्धा सिनेमा गेला.

लेझर डिस्क ऐन नाचात संपते.
उठायचं, पालथी घालायची.
एमिलचे गुडघे टायरच्या कारखान्यात राहिलेले,
तेव्हा उठायचे मी,
पोळीसारखी उलटायचे.

पण हे सगळं एका जागेसाठी.
चौपन्नाव्या मिनिटाला पोरी जिन्यावरून उतरतात
आणि पडद्याच्या डाव्या कडेला
नुसता एक हात.
मनगटापासून पुढचा. बाकीची मुलगी चौकटीबाहेर.
एमिलने समजावलं होतं:
आधी आवाज वेगळ्या तबकडीवर असायचा,
मग तो फिल्मवरच आणला,
त्याला जागा हवी म्हणून चित्राची डावी कड कापली.
आवाज आत आला, मुलगी बाहेर गेली.

तो हात इतरांच्या अर्धा ठोका मागे.
बाकीचे वर, तेव्हा हा अजून खाली.
कॅसेट नेमकी तिथे झिजलेली, पांढऱ्या रेघा,
मागे-पुढे, मागे-पुढे, तीस वर्षं.
डॉलोरेस होती तेव्हा वरून ओरडायची म्हणे,
घेऊन ये तिला जेवायला,
निदान हात तरी धुतलेला असेल.

मग निळी डबी आली.
कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा कपाटात
न कापलेली प्रत सापडली होती.
फेब्रुवारी. माझी रात्रपाळी नुकती संपलेली,
बुटांवर रस्त्याचं मीठ.
सुरुवात बघितलीच नाही आम्ही,
सरळ चौपन्नावं मिनिट लावलं.

मुलगी होती.
साधीच, नाक जरा मोठं.
आणि ती चुकत नव्हती.
तिच्या वाटेत प्लास्टरचा एक खांब होता,
त्याला वळसा घालून यायला
अर्धा ठोका लागत होता. इतकंच.

एमिल बराच वेळ काही बोलला नाही.
भट्टीचा पंखा सुरू झाला, बंद झाला.
मग म्हणाला, आवाज छान आहे.
झगा हिरवाच असणार, हेही बरोबर.
आणि उठला, स्वतः,
गुडघ्यांसकट,
आणि कॅसेट लावली.

एप्रिलमध्ये त्याची मुलगी जॅनिस खोकी घेऊन आली.
एकच ठेवणार आहे मी, म्हणाली, कुठली चांगली?
मी फार्मसिस्ट. एकाच औषधाच्या चार कंपन्यांच्या गोळ्या,
रंग वेगळा, गुण तोच,
हे लोकांना पटवण्याचा मला पगार मिळतो.
मी निळी तिच्या हातात दिली.
हिच्यात चित्र पूर्ण आहे, म्हटलं.
खोटं नव्हतं.

कॅसेट माझ्याकडे आहे,
स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी.
चालवायचं यंत्र नाही.
तेही त्या खोक्यांतून गेलं असणार.
विचारायला हवं होतं.